वापरलेली पुस्तके जहाजाने आफ्रिकेत पाठवावीत का?

अक्षरवाट (धागाकर्ता)

मी मिनेसोटात राहतो. गेली सहा वर्षे महिन्यातले दोन शनिवार मी एका गोदामात असतो आणि आफ्रिकेतील शाळा-महाविद्यालयांना पाठवायच्या पुस्तकांची छाननी करतो. मागच्या खेपेस पुण्याला आलो असताना एका जुन्या मित्राने मला तोंडावर सांगितले, "तुम्ही लोक घरातली अडगळ गरिबांच्या दारात नेऊन टाकता आणि वर पुण्यही पदरात पाडून घेता." तो शब्द मला लागला, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

मिनेसोटात या कामाची परंपरा आहे. पुस्तकांच्या व्यवसायातले टॉम वॉर्थ युगांडातील एक जवळपास रिकामे ग्रंथालय पाहून परतले आणि १९८८ मध्ये त्यांनी 'बुक्स फॉर आफ्रिका' ही संस्था सुरू केली. आजवर या संस्थेने पाच कोटींहून अधिक पुस्तके पाठवली असून ती आफ्रिका खंडातील सर्व देशांत पोहोचली आहेत. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २२,००० पुस्तके बसतात. पूर्वी लहान गटांना एवढा व्याप करावा लागत नसे, कारण एकाच पत्त्यावर जाणारी पुस्तके कॅनव्हासच्या पिशवीत भरून अमेरिकी टपालाने समुद्रमार्गे स्वस्तात पाठवता येत. ती परदेशी समुद्री टपालसेवा २००७ मध्ये बंद झाली. विमानाने तीच पिशवी पाठवणे अनेकांना परवडेना, आणि तेव्हापासून हे काम मुख्यतः कंटेनर भरू शकणाऱ्या संस्थांकडे गेले.

आम्ही काहीही उचलून पाठवत नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. पुस्तक हातात आले की आधी उघडून नाकाशी धरायचे. तळघरातल्या ओलीचा वास आला तर ते तिथेच बाजूला काढायचे, कारण बुरशी लागलेली एक प्रत महिना-दीड महिना बंद खोक्यात राहिली तर शेजारच्या दहा प्रती खराब करते. मग पाठीची शिवण पाहायची, समासात पेनाने किती लिहिले आहे ते पाहायचे आणि शेवटी प्रकाशनवर्ष. जुने ज्ञानकोश, फाटकी पाठ्यपुस्तके आणि अमेरिकी करकायद्याची मार्गदर्शके रद्दीत जातात. जे उरते ते चांगले असते. बीजगणित सर्वत्र एकच आहे, आणि ज्या वर्गात एकही पुस्तक नाही तिथे दहा वर्षांपूर्वीचे जीवशास्त्राचे पुस्तक येणे हा बदल लहान नाही. ही पुस्तके लगद्याच्या गिरणीत जाऊ द्यावीत, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

किनारा

आपला हेतू स्वच्छ आहे याविषयी मला शंका नाही, तरीही मी आपल्या मित्राच्या बाजूने बोलणार आहे. पतीच्या नोकरीमुळे मी चार वर्षे टांझानियात होते आणि दार-एस-सलामच्या बाहेर एका प्राथमिक शाळेत मदतीला जात असे. त्या देशात सरकारी प्राथमिक शिक्षणाचे माध्यम स्वाहिली आहे आणि इंग्रजी माध्यम माध्यमिक शाळेत सुरू होते. परदेशातून आलेल्या एका कंटेनरमधली चौदा खोकी त्या शाळेच्या वाट्याला आली, ती सगळी इंग्रजी पुस्तकांची. हिमवर्षावात खेळणाऱ्या मुलांच्या गोष्टी होत्या, अमेरिकी नाणी मोजायला शिकवणारी गणिते होती, आणि इतिहासाच्या एका जाडजूड पुस्तकाच्या सात प्रती होत्या. वर्गात मुले साठ.

मुख्याध्यापकांनी ती पुस्तके लोखंडी कपाटात लावली आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. मुले कपाटाच्या जाळीला नाक लावून मुखपृष्ठे पाहत. मी कपाट उघडण्याचा आग्रह धरला तेव्हा ते म्हणाले की, एखादे पुस्तक हरवले आणि देणगीदारांचे कोणी पाहणीला आले तर उत्तर मला द्यावे लागेल. सहा महिन्यांनी एक जण खरोखरच आला, भरलेल्या कपाटासमोर मुलांना उभे करून त्याने छायाचित्र काढले आणि तो गेला. मला वाटते, आपल्या संस्थांच्या अहवालांत जी छायाचित्रे असतात त्यांत असली कपाटे बरीच असावीत.

पुस्तक फुकट असते, पण त्याचा प्रवास फुकट नसतो. पुस्तकांवर सीमाशुल्क नसावे म्हणून युनेस्कोने १९५० मध्ये फ्लॉरेन्स करार केला खरा, पण त्याने बंदरातले जागाभाडे सुटत नाही. कागदपत्रात एक सही कमी असली तरी कंटेनर धक्क्यावर पडून राहतो आणि दिवसागणिक भाडे चढते. ते भाडे, जहाजाचा खर्च आणि बंदरापासून गावापर्यंतचा ट्रक यांवर जो पैसा जातो, त्यात तिथल्याच छापखान्यात तिथल्याच भाषेतली पुस्तके निघू शकतात. हे स्वप्नरंजन नाही. टांझानियात १९९१ पासून मुलांच्या पुस्तकांचा एक प्रकल्प कॅनडातील संस्थेच्या साहाय्याने चालला. स्थानिक प्रकाशकाने स्वाहिली पुस्तक काढायचे, त्याच्या प्रतींचा मोठा वाटा प्रकल्पाने विकत घेऊन खेड्यांतल्या शाळांना द्यायचा आणि उरलेल्या प्रती प्रकाशकाने बाजारात विकायच्या. त्यातून लेखकाला, चित्रकाराला आणि छापखान्यातल्या कामगारालाही काम मिळाले. फुकट परदेशी पुस्तकांनी शाळांची कपाटे भरली, तर हा प्रकाशक कोणाला विकणार?

दुसरी आवृत्ती

मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो आणि दोन वर्षे झांबियात अध्यापन केले आहे. किनारा यांचा मुद्दा प्राथमिक शाळेपुरता पूर्ण मान्य, पण तो सगळीकडे लावू नये. शल्यचिकित्सेचा ग्रंथ लुसाकात छापला जात नाही आणि नजीकच्या काळात छापला जाण्याची शक्यताही नाही. तिथे शिक्षण इंग्रजीतच चालते आणि एका ग्रंथाची किंमत विद्यार्थ्याच्या घरच्या कित्येक महिन्यांच्या उत्पन्नाएवढी असते. अशा ग्रंथांच्या देणगीने कोणाही स्थानिक प्रकाशकाचे गिऱ्हाईक तुटत नाही. इराकमधील मोसुल विद्यापीठाचे ग्रंथालय 'इस्लामिक स्टेट'च्या ताब्याच्या काळात नष्ट झाले, त्यानंतर ब्रिटनच्या 'बुक एड इंटरनॅशनल'ने तिथे पुस्तके पाठवली. त्या प्राध्यापकांना आपण स्थानिक प्रकाशनव्यवसाय उभा राहीपर्यंत थांबा, असे सांगणार होतो काय?

अक्षरवाट यांना मात्र एक विनंती आहे. शरीररचनाशास्त्राचे पंधरा वर्षांपूर्वीचे पुस्तक चालते, औषधशास्त्राचे चालत नाही. औषधांच्या मात्रा बदलतात आणि काही औषधे बंद होतात. छाननीच्या टेबलावर हा भेद कळणारे कोणी नसेल, तर औषधशास्त्राची पुस्तके पाठवूच नका.

दाखल नोंदवही

सातारा जिल्ह्यातील 'ब' वर्गाच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. आफ्रिका मी पाहिलेली नाही, पण देणगीची पुस्तके उतरवून घेणारे हात माझे आहेत.

वडील गेले की मुले घर आवरतात आणि पुस्तकांची पोती रिक्षाने ग्रंथालयात येतात. नाही म्हणता येत नाही, कारण देणारा गावातला, ओळखीचा आणि नुकताच दुःखातून आलेला असतो. पोत्यात निम्मे दिवाळी अंक निघतात, मुलांची जुनी गाइडे निघतात आणि एखाद्या कादंबरीचा नुसता दुसरा भाग निघतो. प्रत्येक पुस्तकावर 'यांच्या स्मरणार्थ' असा शिक्का मारून द्यावा लागतो. एकदा ते दाखल नोंदवहीत चढले की मालमत्ता होते. कसर लागून त्याचा भुगा झाला तरी निर्लेखनाची, म्हणजे ते नोंदवहीतून रीतसर कमी करण्याची, परवानगी मिळेपर्यंत ते फळीवर ठेवावे लागते, आणि फळी भरलेली दिसली की नव्या खरेदीचा आग्रह कोणी धरत नाही. चांगली पुस्तकेही येत, हे मी नाकारत नाही. एका निवृत्त शिक्षकांनी दिलेले तीनशे ग्रंथ आमच्या ग्रंथालयाचे भूषण होते. पण त्यांनी आधी येऊन आमची यादी पाहिली होती आणि आमच्याकडे काय नाही ते विचारले होते. टांझानियातल्या त्या मुख्याध्यापकांची भीती म्हणूनच मला परकी वाटत नाही.

बाहेरच्या देशातून आलेली पुस्तके मुळातच वाईट, असेही मी म्हणणार नाही. सोव्हिएत काळात मॉस्कोहून आलेली मुलांची पुस्तके माझ्या पिढीने हातात धरली आहेत. गुळगुळीत कागद, मोठी चित्रे, किंमत नाममात्र. त्यामागे त्या राज्याचा प्रचाराचा हेतू होता हे खरेच, पण ती पुस्तके मराठीत होती आणि ती मराठीत आणण्यासाठी तिथे भाषांतरकार नेमलेले होते. कोणाच्या घरातून निघालेली रशियन पुस्तके आमच्या गावी पाठवून दिलेली नव्हती. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातल्या शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंतही जातात. तिथेही वाचक कोणत्या भाषेत वाचतो हे आधी ठरलेले आहे, आणि ठरावीक काळाने पेटी बदलूनही मिळते.

अक्षरवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. औषधशास्त्राविषयीची सूचना मी पुढच्याच शनिवारी गोदामात मांडणार आहे. निर्लेखनाची अडचण तर माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती.

तरीही किनारा यांच्या एका गृहीतकाशी मी सहमत होऊ शकत नाही. पुस्तकांऐवजी पैसे पाठवा, हे म्हणणे तर्काला धरून आहे, पण ते पैसे येतात कुठून हे मी पाहिले आहे. शाळेतून निवृत्त झालेली एक बाई दरवर्षी आपल्या गाडीतून सहा खोकी घेऊन येते आणि एकेका पुस्तकावरून हात फिरवून ते टेबलावर ठेवते. जहाजखर्चासाठी ती जी रक्कम देते, ती या पुस्तकांमुळे देते. दुसऱ्या देशातल्या छापखान्यासाठी धनादेश मागितला तर ती देईलच असे नाही. कंटेनर बंद केला म्हणजे तो पैसा आपोआप स्वाहिली पुस्तकांकडे वळेल, असे मानायला आधार नाही.

बदल होऊ शकतो, हे मात्र मान्य करतो. 'बुक एड इंटरनॅशनल'चा आरंभ १९५४ मध्ये लेडी रॅन्फर्ली यांनी बहामात केला, तो वापरलेल्या पुस्तकांवरच. आज ती संस्था प्रकाशकांकडून मिळालेली नवी पुस्तकेच पाठवते. आमच्यासारख्या लहान गटाला प्रकाशक दारात उभे करणार नाहीत, पण ज्या ग्रंथालयाने यादी पाठवलेली नाही त्याच्यासाठी खोके भरायचे नाही, एवढा नियम आम्हीही करू शकतो.

किनारा

त्या निवृत्त शिक्षिकेविषयी आपण लिहिले ते वाचून मन हलले. पण देणाऱ्याला पुस्तक द्यावेसे वाटते म्हणून घेणाऱ्याने ते घ्यावे, हे कारण मला पुरेसे वाटत नाही. त्यांना पुढच्या वेळी एक स्वाहिली गोष्टीचे पुस्तक दाखवून पाहा. दक्षिण आफ्रिकेतून चालणाऱ्या 'आफ्रिकन स्टोरीबुक' या उपक्रमात आणि बंगळूरच्या 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मुक्त परवान्याच्या गोष्टी आहेत, त्या कोणालाही छापता येतात. अशी वीस पाने हातात घेतल्यावर त्या काय म्हणतात, ते येथे अवश्य लिहा.

यादीच्या नियमाचे मी स्वागत करते, पण यादी कोणाकडून मागवणार हेही ठरवा. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कोणी विचारले असते, तर त्यांनी देणगीदार नाराज होऊ नये म्हणून "काहीही पाठवा, आम्हाला सर्व चालेल" असेच कळवले असते. तिसरीच्या वर्गशिक्षिकेने मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते की, तिला एकाच स्वाहिली गोष्टीच्या तीस प्रती हव्या आहेत, म्हणजे एका बाकावरच्या दोघांत एक प्रत येईल.