ऑफिसमधून घरचा संगणक वापरण्यासाठी ३३८९ पोर्ट उघडला, आता धास्ती वाटते

खजिनदार_नाशिक:
मी सातपूरमधील एका कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी करतो आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदारही आहे. संस्थेचे हिशेब घरच्या संगणकावर टॅलीमध्ये असल्यामुळे एखाद्या सभासदाने भर दुपारी थकबाकी विचारली, की त्याला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगावे लागे. म्हणून गेल्या आठवड्यात मी घरच्या विंडोज १० प्रो संगणकावर रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या ठिकाणाहून संगणक चालवण्याची सोय) सुरू केले, इंटरनेट पुरवठादाराकडून स्थिर आयपी पत्ता (इंटरनेटवरील न बदलणारा पत्ता) घेतला आणि राउटरमधून ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे ठरलेल्या क्रमांकाचे दार, त्या संगणकाकडे वळवला. सोय उत्तम झाली. पाचव्या दिवशी मात्र विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर सहज उघडला, तेव्हा सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदींची रांग लागलेली दिसली. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, ‘टेस्ट’, ‘अकाउंट्स’ अशा नावांनी कोणीतरी दर काही सेकंदांनी दार ठोठावत आहे. माझा पासवर्ड बारा अक्षरी आहे. पोर्टचा क्रमांक बदलला, तर पुरेसे होईल का?

जाळेदुरुस्ती:
क्रमांकाचे नंतर पाहू, आधी राउटरमधील ती नोंद आजच काढून टाका. आपल्यावर कोणी व्यक्तिशः डोळा ठेवला आहे असे नाही; इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक चाचपणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात आणि उघडा ३३८९ सापडला, की नेहमीची नावे व पासवर्ड लावून पाहतात. क्रमांक बदलल्याने लॉगमधील गर्दी कमी होईल, पण रिमोट डेस्कटॉप कोणत्याही पोर्टवर असले तरी त्याच्या उत्तर देण्याच्या पद्धतीवरून ते ओळखू येते.

पासवर्ड कितीही लांब असला, तरी लॉगिन न करताच आत शिरू देणारी त्रुटी निघाली तर त्याचा उपयोग होत नाही. मे २०१९ मध्ये जाहीर झालेली ‘ब्लूकीप’ ही त्रुटी अशीच होती, आणि ती इतकी गंभीर मानली गेली की मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. विंडोज १० त्यातून सुटले होते, परंतु त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे, विस्तारित सुरक्षा अद्यतनांसाठी आपण नोंदणी केली नसेल तर पुढच्या त्रुटीची दुरुस्ती आपल्यापर्यंत पोहोचणार नाही.

फसलेल्या नोंदींपेक्षा यशस्वी नोंदी तपासा. त्यांचा क्रमांक ४६२४ असतो. त्यांतील ‘लॉगॉन टाइप’ १० असलेल्या, म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून झालेल्या लॉगिनच्या नोंदी वेगळ्या काढून प्रत्येकीची वेळ आणि पत्ता जुळतो का ते पाहा. त्यानंतर राउटरवर किंवा घरातील एखाद्या छोट्या यंत्रावर वायरगार्डसारखे व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या जाळ्यात येण्याचा सुरक्षित खासगी मार्ग) बसवा. ते पासवर्डऐवजी सांकेतिक चाव्यांच्या जोडीवर चालते आणि अनोळखी पाकिटाला, म्हणजे बाहेरून आलेल्या माहितीच्या तुकड्याला, उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तेथे काही आहे हेच कळत नाही.

दुसरी_पाळी:
वरील सल्ला योग्य आहे, पण तो घरच्या दारापुरता आहे. मी एका कंपनीच्या आयटी विभागात काम करतो, त्यामुळे मला ऑफिसच्या टोकाची काळजी जास्त वाटते. ऑफिसचा संगणक आपला नाही. त्यावर कोणते सॉफ्टवेअर कळफलकाची किंवा पडद्याची नोंद ठेवते, हे आपल्याला सांगितलेलेच असेल असे नाही. अनेक कंपन्या स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र संगणकात बसवून एचटीटीपीएस, म्हणजे एरवी सांकेतिक रूपात जाणारी वेब वाहतूकही फायरवॉलवर उघडून तपासतात. घरच्या संगणकाचा पासवर्ड अशा ठिकाणी टाइप करणे म्हणजे तो तिऱ्हाइताच्या हाती देणे होय.

धोका उलट दिशेनेही वाहतो. रिमोट डेस्कटॉपच्या ‘लोकल रिसोर्सेस’ या पानावर ड्राइव्हसमोर खूण केलेली असेल, तर ऑफिसची डिस्क घरच्या संगणकाला दिसू लागते, आणि घरी मुलांनी उतरवलेल्या एखाद्या खेळासोबत खंडणीखोर व्हायरस आला असेल, तर त्याला कंपनीच्या फाइलींपर्यंत आयता रस्ता मिळतो. क्लिपबोर्डचेही (कॉपी-पेस्टच्या सोयीचेही) तसेच आहे. आमच्याकडे एका सहकाऱ्याने घरचे सत्र उघडे ठेवून जेवायला जाण्याची चूक केली. व्हायरस वगैरे काही आला नाही, पण त्याच्या गृहकर्जाचा तक्ता पाचसहा जणांनी वाचला आणि विनापरवानगी जोडणीबद्दल त्याला लेखी खुलासा द्यावा लागला. आपण परवानगी घेतली आहे का?

खजिनदार_नाशिक:
परवानगी घेतलेली नाही, हे मान्य करतो. पोर्ट बंद केला आहे. टाइप १० च्या सगळ्या नोंदी कारखान्याच्या पत्त्यावरून आणि जेवणाच्या सुट्टीतल्या आहेत. रविवारी रात्रीच्या एका नोंदीने मात्र छातीत धस्स झाले, आणि मग आठवले की त्या दिवशी डोंबिवलीला मेव्हण्याकडे गेलो असताना त्याला ही करामत मीच हौसेने दाखवली होती. ऑफिसच्या संगणकावर ‘लॉगिन लक्षात ठेवा’ या चौकटीत खूण केलेली आढळली, ती काढली आणि जतन झालेली माहितीही पुसली. वायरगार्ड तेथे बसवता येणार नाही, कारण आम्हाला तेवढे अधिकार दिलेले नाहीत. त्याऐवजी दुरून संगणक चालवण्याचे एनीडेस्क हे अ‍ॅप वापरले तर चालेल का?

जाळेदुरुस्ती:
अधिकार नाहीत, हेच कंपनीचे उत्तर समजा. पोर्ट उघडावा लागत नाही, हा एनीडेस्कचा फायदा खरा आहे, पण विश्वास जोडणी करून देणाऱ्या मधल्या कंपनीवर ठेवावा लागतो, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कंपनीने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे स्वतःच जाहीर केले होते. शिवाय हे अ‍ॅप उतरवायला लावून नऊ अंकी कोड विचारणाऱ्या भामट्यांविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. हिशेबाच्या संगणकावर मी तरी ते कायम चालू ठेवणार नाही. वायरगार्ड स्वतःच्या मोबाइलवर बसवा आणि ऑफिसचे वायफाय न वापरता मोबाइल डेटावरून घर गाठा. टॅलीचे आकडे बारीक दिसतील, तेवढे सोसा.

सहकारी_सभासद:
थकबाकी सांगण्यासाठी आख्खा संगणक कशाला उघडायचा? आमचे खजिनदार दर महिन्याच्या पाच तारखेला सदनिकानिहाय थकबाकीची पीडीएफ काढून, तिला पासवर्ड लावून मोबाइलमध्ये ठेवतात. त्यानंतर कोणी पैसे भरले असतील, तर तेवढे ते पावतीपुस्तकात पाहून रात्री सांगतात.

खजिनदार_नाशिक:
हे सुचलेच नव्हते. आज पीडीएफ काढतो. स्थिर आयपीचे वर्षाचे पैसे आगाऊ भरले आहेत, ते परत मिळतात का, हे पुरवठादाराला विचारून येथे कळवतो.