पूल बांधा म्हणणाऱ्यांनो, पावसाळ्यात एकदा रुळाखालून जाऊन पाहा

दिघोरीकर:
काल एका भाऊची पोस्ट पाहिली. म्हणे नागपूरची इतवारी-नागभीड रेल्वे लाइन ब्रॉडगेज (रुंद रुळांची) होऊन सुरू व्हायच्या आधी एकूण एक फाटक काढा अन पूल बांधा, आजच्या काळात फाटकावर थांबणं लाजिरवाणं आहे. खाली सगळे वाहवा करून राह्यले. कमेंटमध्ये मावलं नसतं म्हणून इथं लिहितो.

राजेहो, पूल म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर नागपुरातल्या गड्डीगोदामचा डबल डेकर पूल येते. या लाइनीवरच्या कुही-भिवापूरकडच्या गावाले तो भेटणार आहे काय? तिथं भेटते रुळाखाली सिमेंटचे चौकोनी डबे बसवून केलेला बोगदा, तोंडावर उंचीचा आडवा लोखंडी बार, अन जून लागला की आत पाणी. एका लाइनीचं गेज आधीच बदललं, तिकडच्या गावात माझी बहीण दिली आहे. घर रुळाच्या अल्याड, वावर पल्याड. कुटार भरलेला ट्रॅक्टर त्या लोखंडी बारखालून जातच नाही, वरचं कुटार उतरवा नाहीतर दुसऱ्या गावावरून वळसा मारा. पाणी साचलं की पोट्टे सायकली खांद्यावर घेऊन रूळच ओलांडतात. म्हणजे फाटक होतं तेव्हा निदान गेटमन तरी होता, आता तोही नाही.

रोजचा_उमरेडकर:
दिघोरीत बसून उमरेडची काळजी करून राह्यले, बरं वाटलं. पण भाऊ, ती अडीच फुटाच्या रुळावरची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, आता ती परत येणार नाही. ब्रॉडगेज आली की उमरेडचा कोळसा यावरूनच निघणार, वर नागभीडला गोंदिया-बल्लारशा लाइन जोडलेली, म्हणजे मालगाड्या वळवायला रेल्वेला आयताच रस्ता. पन्नासच्या वर डब्यांची मालगाडी पाहिली ना? फाटक लागून लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही, म्हणजे गाडी दिसायच्या कितीतरी आधीपासून तुम्ही उभे.

माझ्या बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा ऑटो असाच एका फाटकावर अडकला होता. मी गेटमनच्या खोलीत जाऊन ओरडलो, तो बिचारा हात जोडून म्हणे सिग्नल दिला साहेब, आता चावी फिरतच नाही. बाबा वाचले, पण त्या दिवसापासून मला फाटकाचं कौतुक कोणी सांगू नये.

मनीषनगरवाली:
उमरेडकर दादांशी सहमत. आमच्याकडे फाटक होतं तेव्हा शाळेच्या वेळेला काय हाल व्हायचे ते इथल्यांनाच ठाऊक. बार खाली आला की दोन्हीकडचे टू व्हीलरवाले पूर्ण रस्ता अडवून समोरासमोर उभे, आणि उघडलं की कोणालाच जाता येत नाही. पूल आणि खालचा रस्ता दोन्ही झाले तेव्हा कुठे सुटका झाली. पाण्याचं मात्र दिघोरीकर बरोबर बोलतात. नरेंद्रनगरचा भुयारी रस्ता जोराच्या पावसात कसा भरतो ते अख्ख्या नागपूरला माहीत आहे.

सिमेंटग्रस्त:
भुयारी रस्त्याला कशाला दोष देता? पाणी येतं कुठून ते पाहा. सिमेंट रोड!! आमच्या गल्लीत जुना डांबरी रोड न खोदता त्याच्यावरच सिमेंट ओतलं, रोड ओट्याच्या वर गेला, आता पाऊस आला की पाणी आधी आमच्या हॉलमध्ये येते, मग किचनमध्ये, अन उरलं तर नालीत जाते. बाजूच्या काकूंनी दारात विटांचा बांध घातला आहे, पाय उचलून घरात शिरावं लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात पूर आला त्या रात्री तर फ्रिज तरंगला. कंत्राटदाराला विचारलं तर म्हणे तुमचं घरच खाली आहे.

खड्डेमुक्त:
हे सुरू झाले पुन्हा. डांबरी असताना दरवर्षी पावसाळ्यात खड्डे पडले की तेव्हाही तुम्हीच रडत होते. सिमेंट आहे म्हणून मणके शाबूत आहेत.

सिमेंटग्रस्त:
तुमच्या घरात शिरलं काय पाणी? नाही ना? मग मणक्याचं कौतुक तुमच्या घरी करा.

खड्डेमुक्त:
पहिल्या मजल्यावर राहतो, त्यात माझी काय चूक बे.

मनीषनगरवाली:
बे-बा करू नका इथे. आणि दोघंही बरोबर आहात, रोड चांगला असतो पण उतार आणि नाली कोणी बघत नाही. आमच्या सोसायटीच्या गेटसमोर तर...

सिमेंटग्रस्त:
ताई तुम्ही पण त्यांचीच बाजू घ्या.

रूळछंदी:
रेल्वेवर या जरा. ब्रॉडगेजवरची बिनगेटमनची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली, त्यामुळे आता गेटमन ठेवा नाहीतर फाटक काढा, तिसरा मार्ग नाही. उड्डाणपुलाचा हिशोब असा की दिवसाच्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, हा आकडा एक लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च करतात. छोट्या गावाचा आकडा तिथं पोचत नाही म्हणून त्याच्या वाट्याला बोगदा येतो. गंमत म्हणजे या मोजणीत बैलगाडी आणि ट्रक दोघंही एक-एकच धरतात.

दिघोरीकर:
अन पायी माणूस?

रूळछंदी:
तो धरत नाहीत.

दिघोरीकर:
झालं मग! डोक्यावर भारा घेऊन वावरातून येणारी बाई या हिशोबात नाहीच. मी दुसरं काय सांगून राह्यलो होतो सकाळपासून?

रोजचा_उमरेडकर:
अहो मग पाणी काढायला पंप मागा, बोगदा उंच मागा, बाजूनं नाली मागा, पायी लोकांसाठी वेगळा पूल मागा. फाटक कशाला मागता?

दिघोरीकर:
पंप लावतात हो, उद्घाटनाच्या दिवशी चालतो पण. मग डिझेल कोणी टाकायचं यावर ग्रामपंचायत अन रेल्वे एकमेकांकडे बोट दाखवतात. बरं चला, उमरेड रोडसारख्या मोठ्या रस्त्यावर पूलच पाहिजे, घ्या मान्य केलं, सत्कार करा माझा. पण वावराच्या रस्त्यावर जिथं पाणी जायला उतारच नाही तिथं बोगदा खोदू नका, गेटमनच ठेवा. पगार काय फार होत नाही.

रोजचा_उमरेडकर:
सत्काराची शाल पाठवतो, कुटाराच्या ट्रॅक्टरवर टाकून. गेटमनचं मात्र अजून पटलं नाही.

सिमेंटग्रस्त:
कोणी सांगेल काय, रोडची उंची किती ठेवायची याचा काही नियम आहे की नाही? तक्रार कुठं करायची?

खड्डेमुक्त:
वेगळा धागा काढा ना राव.