मदत हवी आहे: मेरीलँडच्या हिवाळ्यात ट्रेलरमध्ये तीन महिने

प्रश्न: आम्ही दोघं डिसेंबर ते फेब्रुवारी वॉशिंग्टनच्या उपनगरात, मेरीलँडमधल्या वर्षभर उघड्या असणाऱ्या कॅम्पग्राउंडवर राहणार आहोत. ट्रेलर २८ फुटी, ३० अँपिअरचा, दोन ३० पौंडी प्रोपेन सिलिंडर, ब्लॅक (टॉयलेटची) आणि ग्रे (सिंक-आंघोळीच्या पाण्याची) टँक प्रत्येकी ३० गॅलन. जागेवर वीज, पाणी, ड्रेनेज तिन्ही आहे, पण विजेचं बिल मीटरप्रमाणे वेगळं. स्वयंपाक रोज घरचा: कुकर, फोडणी, पोळ्या. प्रोपेन वाचवायला नुसत्या इलेक्ट्रिक हीटरवर भागेल का? ड्रेनेजची नळी जोडलेलीच असेल तर दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडे ठेवावेत का? आणि पाणी गोठू नये म्हणून काय करायचं?

पोटोमॅककर: हीटर जोडीला असू द्या, पण फर्नेस, म्हणजे ट्रेलरची प्रोपेनवर चालणारी भट्टी, बंद ठेवू नका. टाक्या आणि पाइप ट्रेलरच्या पोटात असतात, आणि पोट बंदिस्त असलेल्या ट्रेलरमध्ये फर्नेसच्या डक्टमधली गरम हवाच त्यांना वाचवते. हीटरने खोली तापली की थर्मोस्टॅट फर्नेसला हाकच मारत नाही. आत छान ऊब, आणि खाली पाइप गोठलेला. म्हणून हीटर थर्मोस्टॅटपासून लांब ठेवा आणि रात्री तो मंद करा. फर्नेस अधूनमधून लागलीच पाहिजे.

प्रोपेनचा हिशोब आधीच मांडून ठेवा. ३० पौंडी सिलिंडरमध्ये साधारण ७ गॅलन, गॅलनमागे ९१,५०० बीटीयू (उष्णतेचं माप). तासाला ३०,००० बीटीयूची फर्नेस सलग जळली तर एक सिलिंडर २१ तासांत रिकामा. कडाक्यात ती निम्मा वेळ जळते असं धरलं तर दोन दिवसही पुरत नाही. कॅम्पग्राउंडची परवानगी असेल तर १०० पौंडी सिलिंडर भाड्याने घ्या.

वीज म्हणजे ३० गुणिले १२०, ३,६०० वॅट. हीटर १,५०० आणि इंडक्शन शेगडी १,८०० एवढ्यातच ती संपत आली. त्यात पाणी तापवायचं इलेक्ट्रिक एलिमेंट लावलं की ब्रेकर पडणार. जागेवरच्या विजेच्या खांबावर बहुतेक वेळा २० अँपिअरचं वेगळं सॉकेट असतं. हीटर १२ गेजच्या (जाड तारेच्या), बाहेर वापरायच्या एक्स्टेन्शनने तिथून घ्या. ३० अँपिअरचा प्लग अधूनमधून हाताने तपासा. गरम लागला तर सॉकेट ढिलं झालेलं आहे. ब्रेकर बंद करा आणि ऑफिसला सांगून ते बदलून घ्या.

डबलअ‍ॅक्सल: ब्लॅकचा व्हॉल्व्ह कधीही उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं, घट्ट माल टाकीतच राहतो आणि टॉयलेटच्या पाइपाच्या बरोबर खाली त्याचा ढीग वाळत जातो. मग तो केमिकलने सुटत नाही. टाकी दोन तृतीयांश भरली की आधी ब्लॅक सोडा, मागोमाग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. थंडीत ग्रेही बंदच हवा, कारण बारीक धार नळीत थर धरत गोठते आणि नळी तुंबते. नळीला फुटामागे पाव इंच उतार द्या.

याच कारणाने गोठू नये म्हणून सिंकचा नळ ठिबकत ठेवण्याची युक्ती इथे उलटते. त्यापेक्षा फ्रेश वॉटरची टाकी भरून घ्या, बाहेरचा नळ पूर्ण बंद करा, होज (पाण्याची नळी) काढून झटका, आणि रात्रभर ट्रेलरच्या पाण्याच्या पंपावर राहा. बाकी वेळी हीटेड (विजेने गरम राहणारी) होज वापरा. पाण्याचा दाब आवरणारा प्रेशर रेग्युलेटर ४५ ते ५० पीएसआयचा. नळ आणि रेग्युलेटर दोन्हीवर हीट टेप (विजेने तापणारी पट्टी) आणि फोम गुंडाळा, नाहीतर पहिल्यांदा तेच गोठतात.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. टॉयलेटमध्ये आम्ही पाणी वापरतो, टाकी लवकर भरेल ना?

डबलअ‍ॅक्सल: भरेल, पण ते चांगलंच आहे. ब्लॅक टँकला पाणी जितकं जास्त तितकं बरं, आणि कागदही कमी. फक्त सोडण्याचा फेरा लवकर येईल. ग्रेमध्ये मात्र फोडणीचं तेल, चहाचा चोथा आणि तांदूळ जाऊ देऊ नका. ताटं कागदाने पुसून मगच धुवा. थंड टाकीत तेल सेन्सरवर बसतं आणि रिकामी टाकीही भरलेली दाखवते.

पोटोमॅककर: तुमच्या स्वयंपाकामुळे खरी काळजी दमटपणाची आहे. शेगडीवर एक गॅलन प्रोपेन जळलं की पाऊण गॅलनहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन आतच राहतं, कुकरची शिट्टी वेगळी. फर्नेसचा धूर बाहेर जातो, म्हणून तिचा हा त्रास नाही. शिजवताना छताचा व्हेंट आणि एक खिडकी इंचभर उघडा, पंखा लावा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहील असा डीह्युमिडिफायर ठेवा. गादी उचलून फळीवर हात फिरवून बघा, बुरशी आधी तिथे धरते. शेगडी पेटवून खोली तापवायची नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्मच्या मागची मुदत आजच वाचा.

ग्रीनबेल्ट पार्क स्वस्त वाटेल, पण तो नॅशनल पार्क सर्व्हिसचा आहे आणि तिथे जागेवर वीज-पाण्याची जोडणी नाही, त्यामुळे तुमच्या कामाचा नाही. पोचल्या दिवशी खांबावरच्या मीटरचा फोटो ऑफिसच्या माणसासमोर काढून ठेवा.