मदत हवी आहे : चिनी रूममेटच्या आश्रयाच्या अर्जासाठी

नमस्कार मंडळी. मी शिकागोत एमएस करते. माझी रूममेट चीनची. ४ जूनला तिआनमेनच्या (१९८९ साली बीजिंगमध्ये आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराच्या) स्मरणसभेत तिने मास्क न लावता मेणबत्ती धरली. आठवडाभरात गावाकडच्या पोलिसांनी तिच्या आईवडिलांना बोलावून तोच फोटो दाखवला. आता ती घरी फोन लावण्याआधी बाथरूमचा नळ सोडते. पोरीचे हाल बघवत नाहीत.

१९८९ नंतर इथल्या चिनी विद्यार्थ्यांनी खासदारांचे उंबरे झिजवले, राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी विधेयक अडवलं तरी हटले नाहीत, आणि १९९२ साली इथेच राहू देणारा संरक्षणाचा कायदा मिळवलाच. पण तो ११ एप्रिल १९९० पर्यंत आलेल्यांपुरता होता. हिला एकटीलाच आय-५८९ म्हणजे आश्रयाचा अर्ज भरायचा आहे. येऊन सोळा महिने झालेत, म्हणजे आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायची मुदत उलटली. मात्र एफ-१ (विद्यार्थी म्हणून राहण्याचा दर्जा) वैध असल्यास सवलत मिळू शकते.

अशी केस फुकट लढणारा भरवशाचा वकील कोणाला माहीत आहे का? आणि मी साक्षीचं पत्र दिलं तर माझ्या व्हिसाला काही अडचण येईल का? पत्र मी देणारच आहे, फक्त आधी नीट कळायला हवं. कोणी हे केलं असेल तर प्लीज मेसेज करा. तिचं नाव मात्र इथे विचारू नका.