मदत हवी आहे: ‘फाइन’चे अर्थ किती आणि कुठला प्रतिशब्द कुठे?

नमस्कार मंडळी,

मोठेपणी इंग्रजी बोलायला शिकणाऱ्यांसाठी रोजच्या शब्दांची टिपणं काढतोय. एका शब्दाला एक पान. ‘गेट’ आणि ‘सेट’ घाम काढणार हे ठाऊक होतं, पण गाडी अडली ती ‘फाइन’वर. समानार्थी शब्दांच्या यादीत त्याच्यापुढे एक्सलंट, थिन, डेलिकेट, ओके, सनी, पेनल्टी अशी सगळी वरात एका ओळीत उभी. ही ओळ जशीच्या तशी हातात दिली, तर ‘हाऊ इज युअर मदर?’ला कुणीतरी ‘शी इज सनी’ म्हणून मोकळा होईल.

म्हणून आधी विरुद्धार्थी शब्द विचारायचा, असं ठरवलं. उलट ‘कोर्स’ म्हणजे जाडंभरडं येत असेल, तर तिथला फाइन बारीक. मराठीत मात्र त्याला एक शब्द पुरत नाही. कापड तलम, चूर्ण वस्त्रगाळ, फरक सूक्ष्म. यंत्रांच्या कामात हा अर्थ चक्क मोजता येतो. एम१० बोल्टच्या नेहमीच्या, म्हणजे कोर्स आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर असतं. फाइन आट्यांमध्ये ते १.२५ किंवा त्याहून कमी. हवेतल्या पीएम २.५ला ‘फाइन पार्टिकल्स’ म्हणतात तेही याच हिशेबानं: २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. करारातली ‘फाइन प्रिंट’ही याच घरातली, फक्त आता ते म्हणताना अक्षराच्या आकारापेक्षा त्यात दडवलेल्या अटीच डोळ्यांसमोर येतात.

उलट ‘पुअर’ येत असेल तर फाइन म्हणजे अव्वल. ‘अ फाइन प्लेअर’मध्ये एक्सलंट, सुपर्ब खुशाल घाला. सोन्याच्या बाबतीत फाइन म्हणजे शुद्ध, आपलं बावनकशी. ही शुद्धता हजारात मोजतात. २२ कॅरेटच्या सोन्यावरचा ९१६ हा आकडा तोच.

दंडवाला फाइन मला परकाच वाटत होता, पण मूळ एकच निघालं. लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट. शेवटास नेलेलं, आता हात फिरवायला जागा नाही असं काम ते फाइन. आणि तंटा संपवताना भरायची रक्कम तीही फाइन. फिनिश, फायनल आणि फायनान्ससुद्धा त्याचेच भाऊबंद.

इथवर जमलं. घोडं पेंड खातंय ते ‘ठीक’ अर्थाच्या फाइनपाशी. ‘आय ॲम व्हेरी फाइन’ का खटकतं, ते समजावता येत नाही. काही देऊ केल्यावर ‘आय ॲम फाइन’ म्हणणारा हो म्हणतोय की नको? आणि नुसतं ‘फाइन.’ एवढंच उत्तर आलं तर काय समजायचं?

प्रतिसाद १:
‘व्हेरी’ला बंदी फक्त या एका अर्थात आहे. ‘व्हेरी फाइन पावडर’ किंवा ‘अ व्हेरी फाइन प्लेअर’ बिनघोर म्हणा. बारीकपणाला आणि गुणवत्तेला पायऱ्या असतात, म्हणून तिथे फाइनर, फायनेस्टही होतं. ठीक असणं मात्र एकतर असतं नाहीतर नसतं. आपणही ‘सगळ्यात ठीक’ म्हणत नाही. जोर द्यायचाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली फाइन’ म्हणा, नाहीतर सरळ ‘व्हेरी वेल’.

प्रतिसाद २:
देऊ केलेल्या गोष्टीचं सोपं आहे, कर्ता बघायचा. ‘मोअर कॉफी?’ ‘आय ॲम फाइन, थँक्स’ म्हणजे नको, पुरे. ‘इज ब्लॅक कॉफी ओके?’ ‘दॅट्स फाइन’ म्हणजे चालेल. मी फाइन असेन तर मला काही नको, ती वस्तू फाइन असेल तर आण. कपावर हात ठेवून म्हटलं की शंकाच उरत नाही.

प्रतिसाद ३:
एकट्या ‘फाइन.’चा अर्थ कोशात शोधू नका, आवाजात शोधा. आपलं ‘बरं’ जसं होकार असतं, कंटाळा असतो आणि भांडणाची सुरुवातही असते, तसंच. ‘फाइन, डू व्हॉट यू वाँट’ला मराठीत ‘कर काय करायचं ते’ हेच बसतं. तिथे ‘ऑल राइट’ घातलं तर अर्थ राहतो, पण त्यातली फणकाऱ्याची धार जाते. लेखी निरोपात तर आवाज नसतोच, तेव्हा शिकणाऱ्यांना सांगा की खरंच चालणार असेल तर ‘साउंड्स गुड’ किंवा ‘दॅट वर्क्स फॉर मी’ लिहा. वरिष्ठांना नुसतं ‘फाइन.’ पाठवणं माझ्या मते धोक्याचंच.

प्रतिसाद ४:
फाइन लेगला विसरलात राव! दोन्ही बाजूंच्या यष्ट्या जोडणारी रेघ मागे वाढवा. तिच्याशी कोन जितका कमी, तितका क्षेत्ररक्षक फाइन. इथे उलट शब्द कोर्स नाही, स्क्वेअर.

धागाकर्ता:
कर्ता बघण्याची युक्ती तशीच उचलतोय. फाइन लेगला वेगळा कप्पा, कारण विरुद्धार्थी वेगळा. ‘फाइन वेदर’ला उघडीप, निरभ्र असं लिहून पुढे सरकलो, त्यात फार दम नाही. एकच राहिलं: ‘यू आर कटिंग इट फाइन’, म्हणजे अगदी ऐनवेळी पोहोचणं. हे अव्वलमध्ये खासच नाही. बारीकमध्ये टाकू का?

प्रतिसाद २:
टाका. उरलेली वेळ बारीक, फट एवढीशी. प्रतिशब्द हवा असेल तर अमेरिकेत त्याच अर्थानं ‘कटिंग इट क्लोज’ म्हणतात, तो शेजारी लिहा. ‘थिन’ मात्र तिथे चालत नाही.