प्रति: धूर नको त्याने बारात येऊ नये

'धूर नको त्याने बारात येऊच नये,' असं वर कुणीतरी लिहिलंय. गिऱ्हाईक जाईल हो उठून, पण टेबलं पुसणारा पोरगा कुठं जाणार? बार बंद होईपर्यंत तो तिथंच.

बारासकट सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी २००८ पासून आहेच. ३० किंवा जास्त आसनं असली तर धूम्रपानाला वेगळी खोली ठेवता येते. आमच्या बेळगावात मी पाहिलेली अशी 'खोली' म्हणजे जिन्याखालचा कोपरा, दार सताड उघडं, शेजारीच भाकऱ्यांची टोपली! कर्नाटकानं २०२५ मध्ये दंड २०० वरून १००० केला. पावती फाडणारा दिसला तर कळवा.

आणि या बंदीनं निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्याचं नुकसान होईल, हा कळवळा कशाला? तिथला तंबाखू मुख्यतः बिडीचा. एसी बारात बसून बिडी ओढतंय कोण?