ई-नियतकालिकांचा वापर मोजायचा, तर नेमके काय मोजायचे?

वैनगंगाकाठ (ग्रंथपाल, अनुदानित महाविद्यालय, गडचिरोली जिल्हा)

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या नमुन्यात ग्रंथालयाच्या दैनंदिन वापराचा आकडा भरावा लागतो आणि त्यात वाचनकक्षातील हजेरीबरोबर ऑनलाइन लॉगिनही धरले जातात. आमचे महाविद्यालय ‘एन-लिस्ट’ या महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-पुस्तके पुरवणाऱ्या योजनेचे सभासद असल्याने प्रत्येक वाचकाला स्वतंत्र युजर आयडी मिळतो. या लॉगिनच्या आकड्यावरून कोणी काय वाचले याचा काहीही बोध होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये एम.ए. अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने देवघेव काउंटरशेजारच्या संगणकावर कृषी पतपुरवठ्यावरचा एक लेख उघडला, त्याची पीडीएफ उतरवून घेतली आणि तिथेच उभ्याउभ्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. धानाच्या रोवणीमुळे निम्मा वर्ग गावी होता, तरी पुढच्या चर्चासत्रात नऊ जणांनी त्या लेखावर टिपणे लिहून आणली. माझ्याकडे नोंद मात्र एका लॉगिनची! याउलट, पूर्वी मी जिथे नोकरीला होतो तिथे समितीच्या भेटीआधी विद्यार्थ्यांना संगणककक्षात तुकड्यातुकड्यांनी बसवून नुसते लॉगिन करवून घेतले जात असे. त्या दिवशी एक ओळही वाचली गेली नाही, पण आलेख चढला.

म्हणून वाचकालाच विचारावे. कॅरॉल टेनोपिर आणि डोनाल्ड किंग या वाचनसवयींच्या अभ्यासकांनी वापरलेली पद्धत साधी आहे : ‘तुम्ही किती वाचता?’ असे न विचारता, ‘तुम्ही शेवटी वाचलेला लेख कोणता, तो कुठून मिळाला आणि कशासाठी वाचला?’ असे विचारायचे.

आकडेमोड (विद्यापीठ ग्रंथालय, पश्चिम विदर्भ)

सर, आपली तक्रार लॉगिनबद्दल रास्त आहे, पण तिचा राग आपण सगळ्याच मोजणीवर काढत आहात. प्रकाशकांनी वापर कसा मोजावा याचे नियम ‘काउंटर’ नावाची संस्था 2002 पासून ठरवत आली आहे आणि त्या नियमांत लॉगिनला महत्त्व नाही. लेख पूर्ण स्वरूपात किती वेळा मागवला गेला, हे तिथे मोजतात. पूर्वी एकच लेख कोणी आधी पडद्यावर उघडला आणि मग पीडीएफ घेतली, तर दोन वापर धरले जात; 2019 पासून लागू झालेल्या पाचव्या आवृत्तीत ‘एकमेव मागणी’ हा वेगळा आकडा आल्यामुळे एका सत्रातील, म्हणजे एका बैठकीतील, अशा दोन नोंदी एकच ठरतात. शिवाय वर्गणी नसलेल्या नियतकालिकावर वाचक येऊन परत गेला, तर त्याचीही नोंद होते. पुढच्या वर्षी काय घ्यावे हे ठरवताना मला तरी हीच नोंद सर्वांत उपयोगी वाटते.

राहिला प्रश्नावलीचा मुद्दा. ग्रंथपालाने समोर उभे राहून विचारल्यावर ‘मी काहीच वाचत नाही’ असे कोणता विद्यार्थी सांगेल? सरकारी उच्चशिक्षण संस्थांना संशोधन नियतकालिके एकत्रित वर्गणीतून पुरवणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी केंद्राने 2025 ते 2027 या तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपये मंजूर केले आहेत. मुदत संपताना हिशेब मागितला गेला, तर नऊ टिपणांची गोष्ट कोणी ऐकून घेणार नाही.

कापसाच्या_गावचा (संशोधक विद्यार्थी, यवतमाळ जिल्हा)

मी दोन्ही बाजूंशी पूर्ण सहमत नाही. माझ्या गावी रेंज मिळते ती घराच्या गच्चीवर आणि तीही संध्याकाळी. पीडीएफ अर्ध्यावर अडकली की मी मिनिटभर वाट पाहून पुन्हा दाबतो. एकाच लेखावरचे दोन क्लिक तीस सेकंदांच्या आत झाले तर एकच धरतात, असे आमच्या ग्रंथपाल मॅडमनी सांगितले होते. पण माझे क्लिक मिनिटाच्या अंतराने होतात, म्हणजे माझी फजितीसुद्धा वापर म्हणून नोंदवली जात असणार. शिवाय मुक्त प्रवेशाचे लेख मी लॉगिन न करताच मोबाइलवर वाचतो, त्यांचे श्रेय माझ्या विद्यापीठाच्या खात्यावर जमा होत नाही.

आकडेमोड

आपण मिनिटामिनिटाने तीनदा क्लिक केले, तर एकूण मागण्यांत ते तीन दिसतील, पण त्याच सत्रात झाले असल्यास एकमेव मागणी एकच राहील. म्हणूनच प्रकाशकाच्या वापर-अहवालातला नेमका रकाना पाहावा, असा माझा आग्रह आहे.

वैनगंगाकाठ

तोच रकाना आमच्यासारख्यांना कमी मोजतो. जिथे प्रकाशकाच्या यंत्रणेला वाचकाची स्वतंत्र ओळख मिळत नाही, तिथे आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), ब्राउझर आणि घड्याळाचा तास यांवरून सत्र ठरवले जाते. आमच्या संगणककक्षातील सर्व यंत्रे एकाच वेळी खरेदी केलेली, ब्राउझर तोच आणि बाहेर जाणारा पत्ताही एकच. प्राध्यापकांनी ‘हा लेख उघडा’ म्हटल्यावर वीस जणांनी एकदम तो उघडला, तर यंत्रणेच्या लेखी तो एकच वाचक ठरू शकतो. शहरात ज्याच्या-त्याच्या हाती लॅपटॉप असतो, तिथे ही तूट जाणवणार नाही.

वर्गणी नसलेल्या नियतकालिकांच्या नोंदीचा आपला मुद्दा मला मान्य आहे. मात्र दर वापरामागे खर्च काढण्याची पद्धत आमच्याकडे आणू नका. ‘एन-लिस्ट’साठी आम्ही वर्षाला 5,900 रुपये भरतो, त्याला डाउनलोडच्या संख्येने भागून जो आकडा येतो, तो कोणताही निर्णय घ्यायला उपयोगी पडत नाही. आणि प्रश्नावलीवर विद्यार्थी खोटे लिहील ही भीती असेल, तर चिठ्ठीवर नाव न घेता लेखाचे शीर्षक तेवढे लिहायला सांगता येते. न वाचलेल्या लेखाचे शीर्षक आठवून लिहिणे सोपे नसते.

आकडेमोड

शीर्षक लिहून घेण्याची युक्ती मला पटली, कारण ती माझ्या अहवालाशी ताडून पाहता येईल. संगणककक्षाबद्दलचे आपले म्हणणे मात्र तपासल्याशिवाय मी मान्य करणार नाही. आमच्याकडेही एकसारखी यंत्रे आहेत. येत्या सोमवारी बारा विद्यार्थ्यांना, त्या महिन्यात कोणी उघडलेला नसेल असा एक आडवळणाच्या विषयावरचा लेख एकाच तासात उघडायला लावतो. महिना संपल्यावर चार आठवड्यांच्या आत प्रकाशकाचा अहवाल यायला हवा. बाराच्या जागी किती दिसले, ते इथेच लिहीन.